वाणीचा धनी कोण?

आजचा विषय थोडा कोर्टकचेरीचा आहे. कीर्तनकाराने हरिकथा सोडून कायद्याच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कित्येकांच्या मनात येईल. परंतु कायदाच जर सप्ताहाच्या मंडपात येऊन बसला, तर त्याच्याकडे पाठ करून टाळ वाजवीत राहता येत नाही. म्हणून घडले ते आधी सांगतो, आणि त्यातून निघालेला प्रश्न मग आपल्यापुढे ठेवतो.

पनवेल तालुक्यातल्या एका गावी माघ महिन्यात अखंड हरिनाम सप्ताह होता. चौथ्या रात्रीची सेवा माझ्याकडे होती. सावता महाराजांचे चरित्र लावले होते. त्यात मी एक दृष्टांत देतो; आज तीस-पस्तीस वर्षे देत आलो आहे. दृष्टांत आमच्या खाडीकाठच्या मिठागराचा. भरतीचे पाणी बांध फोडून आत घ्यायचे, मग बांध घालायचा, पाणी एका खणातून दुसऱ्या खणात फिरवायचे आणि वाट पाहायची. ऊन आपले काम करते. पाणी उडून जाते, मीठ खाली राहते. प्रपंचाचे पाणी असेच आटू द्यावे, नामाचे मीठ खाली उरते. समोर आगरी बांधव बसलेले असले की माना डोलतात, कारण त्यांच्या आजा-पणजांनी ते मीठ उन्हातान्हात ओढलेले असते.

सप्ताह झाला आणि महिन्याभरात दोन गोष्टी कानावर आल्या. पहिली अशी की, एक तरुण कीर्तनकार, पोरगा गुणी आहे, आवाज गोड आहे, तो माझे सावतामाळी आख्यान जसेच्या तसे करतो. मिठागरासकट. हातवारेसुद्धा माझेच. माझे नाव मात्र कोठे नाही. दुसरी गोष्ट अशी की, माझे त्या रात्रीचे कीर्तन कोणीतरी ध्वनियंत्रावरून उतरवून घेतले आणि एका कंपनीने ते आपल्या नावाने यूट्यूबवर चढवले. पुढे गावच्या मंडळाने आपल्या सप्ताहाची आठवण म्हणून तेच कीर्तन चढवले, तेव्हा त्यांना सूचना आली की हा ध्वनी अमुक कंपनीच्या मालकीचा आहे, सबब तुमच्या चित्रफितीवर आमचा हक्क लागू झाला आहे. म्हणजे बघा, गाव आमचे, मंडप गावाचा, विठोबा सगळ्यांचा, घसा माझा, आणि धनी तिसराच!

माझा पुतण्या वकिली करतो. तो संतापून म्हणाला, "काका, दोघांनाही नोटीस काढू. कायदा तुमच्या बाजूचा आहे." मी म्हटलं, "बाबा रे, वाणीला कसला आलाय कायदा?" तो म्हणाला, "तेच तर तुम्हांला ठाऊक नाही." आणि त्याने मला चार रात्री बसवून हा सगळा विषय समजावला. तो ऐकताना माझ्या मनात जे द्वंद्व उभे राहिले, तेच आज लिहितो आहे. आमच्या पाठशाळेत शिकवले होते की सिद्धांत सांगण्याआधी पूर्वपक्ष पुरता मांडावा, त्याला कमी लेखू नये. तसाच चालतो.

पूर्वपक्ष आपल्याच घरचा आहे. वारकरी म्हणेल, वाणी देवाची. बोलविता धनी वेगळा, आपण पावा. फुंकणारा फुंकतो म्हणून सूर निघतो. पाव्याने सुरावर मालकी सांगावी काय? ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेची टीका सांगितली ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. त्यांत कोणी कोणाशी करार केला नव्हता. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, ती गोष्ट आपण जाणतो. पुढे ती गाथा जगली कशाने? लोकांच्या मुखाने, आणि संताजी जगनाड्यांसारख्यांनी उतरवून ठेवलेल्या वह्यांनी. म्हणजे नक्कल करणाऱ्यांनीच गाथा राखली. त्या काळी नक्कल करायला बंदी असती, तर आज आपल्या हातांत काय राहिले असते?

याहून खोल गोष्ट सांगतो. मनुस्मृतीत 'ब्रह्मस्तेय' नावाचे एक पाप सांगितले आहे. गुरूची अनुज्ञा नसता, दुसरा कोणी वेद म्हणत असताना तो ऐकून उचलला, तर ती वेदाची चोरी. मी लहानपणी हे वाक्य घोकले तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते. आज वाटते. विद्येला कुलूप लावायचे आणि किल्ली मूठभरांच्या जानव्याला बांधायची, हा त्याचा परिणाम झाला. ज्ञानोबारायांनी जे केले ते हे कुलूप काढण्याचे काम. गीतेचा अर्थ मराठीत आणून तो ज्याला कान आहेत त्याचा केला. आपला संप्रदाय उभा आहे तो या उघड्या दारावर. मग त्याच संप्रदायातल्या बुवाने उद्या आपल्या दृष्टांताला कुलूप लावावे काय?

हा पूर्वपक्ष बळकट आहे. माझे मन अर्धे त्याच्याकडेच आहे. पण आता दुसरी बाजू ऐका.

आपल्या देशातला सध्याचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. लेखकाचा, संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत असतो आणि निधनानंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. ही मुदत आधी ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांचे हक्क संपण्याची वेळ आली, त्या सुमारास १९९२ साली ती वाढवली. मुदत संपली की ग्रंथ सर्वांचा. म्हणून ज्ञानेश्वरी, नाथभागवत, गाथा यांवर आज कोणाचाही मालकीहक्क नाही. सरकारच्या मदतीने १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा निघू लागली, त्याआधी आणि त्यानंतर कितीकांनी ती छापली; कोणाची परवानगी लागली नाही.

पण शब्द मोकळे असले तरी चाल मोकळी असेलच असे नाही. 'अभंग तुकयाचे' या लताबाईंनी गायिलेल्या अभंगांच्या चाली श्रीनिवास खळे यांनी बांधल्या. खळे २०११ साली गेले. तेव्हा त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत चालेल. तो हक्क कोणाच्या हाती हे करारावर अवलंबून. शब्द तुकोबांचे म्हणून चालही फुकट, हा आपला समज चुकीचा आहे. चाल बांधणारा माणूसही रात्र रात्र जागलेला असतो.

करार म्हटला की दुसरे दुःख येते. गीतकार आणि संगीतकार हे बहुधा गरजू. चार पैसे एकरकमी मिळतात म्हणून कागदावर सही करून मोकळे होत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात हा वाद गेला, तेव्हा कायद्याचा अर्थ असा लागला की, चित्रपटासाठी मोबदला देऊन गाणे करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळे टिपण जोडून खंत लिहिली की, गाणाऱ्या गळ्याला या कायद्यात काहीच हक्क नाही. त्यावर १९९४ साली सुधारणा होऊन कला सादर करणाराचा हक्क आला, आणि २०१२ च्या सुधारणेने असे ठरले की गीतकार-संगीतकारांनी काहीही लिहून दिले असले तरी चित्रपटगृहाबाहेर त्या गाण्याच्या वापरातून जो मोबदला मिळतो त्यातला त्यांचा समान वाटा त्यांना सोडून देता येणार नाही. ज्याच्याकडे फक्त शब्द आहेत आणि समोरच्याकडे तिजोरी आहे, त्याला वाचवायला कायदा लागतो. देव आहेच, पण देवानेही द्रौपदीला वस्त्रच पुरवले, उपदेश पुरवला नाही.

आणि सादर करणारा म्हणजे कोण, याची जी यादी कायद्यात दिली आहे ती पुतण्याने वाचून दाखवली तेव्हा मी पोट धरून हसलो. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतवाला, हातचलाखीवाला, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा आणि असाच इतर कोणीही. म्हणजे कीर्तनकाराची जागा गारुड्याच्या शेजारी! म्हटलं, काही हरकत नाही; आम्हीही विषयाचा नागच खेळवतो. पण हसण्यावारी नेऊ नका. त्या कलमांचा अर्थ असा की, माझे कीर्तन माझ्या परवानगीवाचून कोणी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणू नये. हा हक्क ५० वर्षांचा आहे.

येथे आपल्या मंडळांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. खऱ्या धार्मिक समारंभात एखादे गीत वा ध्वनिमुद्रण सादर केले तर तो हक्कभंग नव्हे, अशी सूट त्याच १९५७ च्या कायद्यात आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभही तिच्यात येतात. पण ही सूट कोठवर, यावर भांडणे चालतात. गोव्याच्या सरकारने २०२४ च्या जानेवारीत एक परिपत्रक काढून ही सूट लोकांना समजावण्याचा यत्न केला. त्याच वर्षी ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले, कारण कायद्याची व्याप्ती परिपत्रकाने वाढवता येत नाही. तात्पर्य, सप्ताहात अभंग म्हणायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. परंतु त्याच सप्ताहात दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण उतरवून मागून विकणे, ही भक्ती नव्हे आणि सूटही नव्हे.

आता कोणी म्हणेल, बुवा, हे सगळे परक्यांचे कायदे. आपल्या परंपरेत शब्दाची चोरी ही कल्पनाच नव्हती. हे म्हणणे खरे नाही. राजशेखराने हजार-अकराशे वर्षांपूर्वी काव्यमीमांसा लिहिली, तीत दुसऱ्याचे शब्द उचलणे आणि दुसऱ्याचा अर्थ उचलणे यांचे प्रकार लावून अध्यायच्या अध्याय खर्च केले आहेत. कोणते घेणे क्षम्य, कोणते निंद्य, याचा सूक्ष्म विचार आहे. आणि आपल्या गाथेतच पाहा. सालोमालोंचा उल्लेख तुकोबांनी स्वतः केला आहे. परंपरा सांगते की हे लोक तुकोबांचे अभंग घेऊन त्यांवर आपली मुद्रा घालीत आणि मिरवीत. तुकोबांसारखा निरिच्छ पुरुष, ज्याने सावकारीची खतेसुद्धा नदीत सोडली, तोही येथे गप्प राहिला नाही. मात्र तक्रार कशाची आहे ते नीट पाहा. ती पैशाची नाही. परक्या वाणीला आपली म्हणण्याची आणि तिची मोडतोड करण्याची आहे.

नाथमहाराजांचेही तसेच. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जमवून, शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी इशारा दिला की, आपली ओवी जो हिच्यात घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी आणून ठेवली असे समजावे. नाथांनी कोणाला उतरवून घ्यायला बंदी केली नाही. शंभर प्रती करा म्हणाले असते. बंदी केली ती मिसळण्याला. आजचा कायदा हाच भेद मानतो, याचे मला नवल वाटले. कलावंताने कृती विकून टाकली तरी दोन हक्क त्याच्यापाशी राहतात: ही कृती माझी असे सांगण्याचा, आणि तिची विटंबना रोखण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचे भव्य भित्तिशिल्प होते. सरकारने ते १९७९ मध्ये उखडून कोठारात टाकले. म्हाताऱ्या शिल्पकाराने दावा लावला आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प परत करावे व ५ लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. शिल्पाचे पैसे सरकारने दिलेले होते. तरीही ते मोडायचा अधिकार पैशाने मिळत नाही. नाथांची करवंटी आणि हा निकाल, यांत मला एकच न्याय दिसतो.

आता एक उलटी चोरी आहे, तीही ध्यानात घ्या. सालोमालोंनी तुकोबांच्या शब्दांवर आपले नाव घातले. पण असेही कितीतरी अनाम भक्त होऊन गेले, ज्यांनी आपल्या शब्दांवर तुकोबांचे किंवा नामदेवांचे नाव घातले. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याची रचना मिसळलेली आहे, हे संशोधकांनी दाखवले आहे. सरकारी गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. बाहेर म्हटले जाणारे किती याची गणती नाही. त्या बापड्यांनी काही चोरले नाही, उलट आपले दिले. एकाने नाव घेतले आणि वाणी चोरली. दुसऱ्याने वाणी दिली आणि नाव बुडवले. घेणारा सालोमालो, देणारा भक्त. मालकीचा कागद दोघांकडेही नाही. फरक आहे तो वृत्तीचा.

हे झाले एकेका माणसाच्या शब्दाचे. पण गावाची, जातिवंत कारागिरांची, पिढ्यांची विद्या असते तिचे काय? १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीवर पेटंट मिळाले. कशाचे? जखमेवर हळद लावली की जखम भरते, याचे! ज्या देशात पोराचा गुडघा फुटला की आई आधी हळदीचा डबा शोधते, त्या देशाला हे ऐकावे लागले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुन्या संस्कृत-उर्दू-हिंदी ग्रंथांतले दाखले गोळा करून हरकत घेतली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. येथे पोथ्यांनी साक्ष दिली. ज्या पोथ्या आपण माळ्यावर टाकल्या होत्या, त्याच परदेशच्या कचेरीत उभ्या राहून बोलल्या. पुढे आपल्या पेटंटच्या कायद्यात २००२ साली कलमच घातले की परंपरागत ज्ञानावर कोणाला पेटंट मिळणार नाही.

आमच्या पनवेलीत धूतपापेश्वरचा आयुर्वेदीय कारखाना १८७२ पासून आहे. तेथल्या औषधांचे पाठ ग्रंथांतले, ऋषींचे. ते कोणीही वैद्य करू शकतो. परंतु बाटलीवरचे नाव मात्र कारखान्याचे. त्या नावाखाली दुसऱ्याने गढूळ काढा भरून विकला, तर रोग्याचे काय होईल? म्हणजे पाठ सर्वांचा आणि नाव ज्याचे त्याचे. यात विरोध नाही. आंब्याचेही तेच. २०१८ साली हापूस या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतलाच आंबा हापूस म्हणून विकायचा. आंबा कोठेही लावा, देवाचे झाड आहे. पण दुसऱ्या मुलखाचा आंबा हापूस म्हणून विकाल, तर आमच्या बागवाल्याच्या पोटावर पाय येतो आणि गिऱ्हाइकाशी खोटे बोलणे होते.

कोल्हापुरी वहाणेची गोष्ट तर ताजी आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा नावाच्या बड्या घराण्याने मिलान शहरात तशाच वहाणा दाखवल्या, नाव मात्र घेतले नाही. गवगवा झाल्यावर मूळ भारतीय कारागिरीचे आहे असे त्यांनी मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जुलैत न्यायालयाने ती काढून टाकली. कारण असे की, मानांकनाचे नोंदणीकृत धनी महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारची चर्मोद्योग महामंडळे. गाऱ्हाणे असेल तर त्यांनी यावे. निकाल कायद्याला धरून आहे. पण माझ्या मनात आले, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपल्या पंढरीचा सोलापूर, या जिल्ह्यांतला जो कारागीर दिवसभर कातड्यावर वाकलेला असतो, त्याने न्यायालयाच्या दाराशी कोणाच्या हाताने जायचे? रोहिदासांनी चामड्याचे काम करता करता देव गाठला. त्यांच्या पोरांना आपल्याच वहाणेचे नाव सांगायला दुसऱ्याचे तोंड लागते. कोर्टाची पायरी सर्वांना सारखी उंच नसते, ही गोष्ट कायद्याचे गोडवे गाताना विसरू नये.

आणि कायदा स्वतःला देव समजत नाही, हेही सांगतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. विद्यार्थ्यांना पुस्तकांतली पाने काढून देतो म्हणून. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि स्पष्ट लिहिले की, कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त हक्क नव्हे. समाजात विद्या वाढावी म्हणून माणसांनी केलेली ती सोय आहे. न्यायमूर्तींच्या लेखणीतून निघालेले हे वाक्य मला कीर्तनात सांगण्याजोगे वाटले. सोय आहे तोवर वापरावी. तीच गळफास होऊ लागली तर सैल करावी.

इतके झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आता नोटीस लिहू. त्या मुलाच्या नोटिशीत तुम्ही हे आख्यान कधी रचलेत ते लागेल. जुनी वही काढा."

मी माळ्यावरची पेटी खाली घेतली. पाठशाळेतल्या वह्या, कौमुदीची टिपणे, वाळवीने खाल्लेली दोन पंचांगे आणि तळाशी गुरुजींच्या पायाशी बसून लिहिलेली कीर्तनाची वही. चाळता चाळता सावता महाराजांचे पान आले. आणि तेथे, माझ्याच कोवळ्या अक्षरात, मिठागर. भरतीचे पाणी, खण, ऊन, मीठ. सगळे गुरुजींनी सांगितलेले. मी फक्त लिहून घेतलेले. समासात एक ओळ होती: 'हे बोल उरणच्या आगरावरील एका म्हाताऱ्याचे, असे गुरुजी म्हणाले.'

वही मांडीवर घेऊन मी कितीतरी वेळ बसलो. तीस-पस्तीस वर्षे मी तो दृष्टांत 'माझा' म्हणून सांगत होतो. लबाडीने नव्हे, खरोखर विसरलो होतो. पण विसरणे हीसुद्धा एक चोरीच असते. तिला साक्षीदार नसतो इतकेच. इतक्या सप्ताहांत, इतक्या मंडपांत, मी एकदाही म्हटले नाही की हे माझ्या गुरूंचे. गुरुजी म्हणाले होते की आगरावरच्या म्हाताऱ्याचे. मी त्या म्हाताऱ्यालाही पुसले आणि गुरुजींनाही पुसले. मग त्या पोराने मला पुसले, यात नवल ते काय? सालोमालो शोधायला मी देहूपर्यंत गेलो होतो. तो माझ्याच पेटीच्या तळाशी सापडला.

ऋषिऋण आपण शास्त्रात वाचतो. ते अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते म्हणतात. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्यात एक तिसरे जोडावे: नामोच्चाराने. देवाचे नाव घेतो तसे ज्याच्याकडून घेतले त्याचेही नाव घ्यावे. नाव ठाऊक नसेल तर निदान 'एका म्हाताऱ्याचे' म्हणावे. यासाठी कायदा लागत नाही, कागद लागत नाही, पैसा लागत नाही.

त्या पोराची नोटीस मी लिहू दिली नाही. त्याला निरोप धाडून घरी बोलावले. घाबरत आला, पाया पडला. म्हणाला, "बुवा, चुकलं माझं. तुमच्यासारखं कोणी सांगत नाही, म्हणून पाठ केलं." मी त्याच्यापुढे वही ठेवली. म्हटलं, "वाच." त्याने समासातली ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, "चूक आपली दोघांची आहे. आख्यान कर, खुशाल कर, माझ्याहून चांगले कर. दोनच गोष्टी पाळ. कोणाकडून आले ते सांग, आणि संतांच्या शब्दांत आपले पाणी मिसळू नकोस." त्याने वहीतले ते पान उतरवून घेतले. समासासकट.

कंपनीला मात्र नोटीस गेली. पुतण्याने कलमे घालून, मुदत देऊन, चांगली खणखणीत लिहिली. महिन्याभराने त्यांनी आपला हक्क मागे घेतला आणि आमच्या गावच्या मंडळाचे कीर्तन मोकळे झाले. क्षमेचा शब्द काही आला नाही, न येवो.

काहीजण मला विचारतात, बुवा, पोराला माफी आणि कंपनीला नोटीस, हा दुजाभाव कसा? याचे उत्तर मी काल्याच्या कीर्तनातून देतो. गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात. कोणाची भाकर, कोणाचे लोणचे, हे काला झाल्यावर कोणी विचारीत नाही. विचारील तो गोपाळ नव्हे. त्या पोराने काल्यातून घास उचलला. फक्त वाढणाराचे नाव सांगायला विसरला. कंपनीने काल्याचे भांडेच उचलले, त्यावर झाकण घातले आणि ज्यांनी शिदोऱ्या आणल्या त्यांनाच म्हणाली, हात लावू नका. घास घेणारा उपाशी असू शकतो. झाकण घालणारा उपाशी नसतो. कोर्ट असावे ते त्या झाकणासाठी.

आणि मिठागराचा दृष्टांतही आता मला निराळा दिसतो. समुद्राचे पाणी कोणाचे नाही. त्यावर मालकी सांगणारा वेडा. पण मीठ आपोआप बाजारात येत नाही. कोणाच्या तरी टाचा त्या खाऱ्या पाण्यात फुटलेल्या असतात. म्हणून पाणी सर्वांचे, आणि मिठाची मजुरी ज्याची त्याला. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. एक धरून दुसरे सोडले की घोटाळा होतो. सर्व देवाचे म्हणून कष्टकऱ्याची मजुरी बुडवणे हा एक अधर्म, आणि मजुरीच्या नावाखाली समुद्रालाच कुंपण घालणे हा दुसरा.

कीर्तन विकू नये असा आपल्याकडे दंडक आहे. मी तो पुरता पाळला असे सांगत नाही. गाडीभाडे घेतो, गावकरी पाकीट देतात तेही घेतो. म्हणून दुसऱ्याला उपदेश करताना आवाज चढवायचा अधिकार मला नाही. पण एक नेम केला आहे. येत्या आषाढीच्या वाटेवर जेथे जेथे सावता महाराजांचे चरित्र लावीन, तेथे मिठागराशी आलो की थांबेन. टाळकऱ्यांना खूण करून क्षणभर टाळ थांबवीन, गुरुजींचे नाव घेईन, आणि उरणच्या आगरावरच्या त्या म्हाताऱ्याला नमस्कार करीन. त्याचे नाव मला ठाऊक नाही. विठोबाला आहे. पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.